तारीख झाकलेला नफ्याचा अंदाज

कपड्यांच्या दुकानांची साखळी चालवणाऱ्या एका कंपनीचे शेअर माझ्या थोरल्या भावाच्या गळ्यात मारले गेले, तेही विश्लेषकांच्या अंदाजाकडे बोट दाखवून. अंदाज एका खऱ्या ब्रोकरेजचाच होता, पण शिळा. ते मुद्दाम लपवलं गेलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

सल्लागार ओळखीतून आला. फी भरल्यावर २०२५ च्या उन्हाळ्यात त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर अहवाल पाठवला. पहिल्या पानावर ‘फक्त सदस्यांसाठी’ असा जाड शिक्का होता, नेमका तारखेच्या जागी. अठरा पानांपैकी मोजकीच पानं आली. २०२५-२६ मध्ये प्रतिशेअर नफा २० रुपये, त्याला ४० चा पीई (शेअरचा भाव प्रतिशेअर नफ्याच्या किती पट, तो आकडा), म्हणून भाव ८०० होणार. "काका, हे माझं मत नाही, सगळ्या अ‍ॅनालिस्टचं आहे," असं तो फोनवर ठासून सांगायचा. दादाने निवृत्तीच्या पैशांतली मोठी रक्कम त्यात घातली.

भाव घसरू लागल्यावर मी तक्ता नीट पाहिला. अशा तक्त्यात वर्षापुढे इंग्रजी ‘ए’ असेल तर आकडा प्रत्यक्षातला, ‘ई’ असेल तर अंदाज. इथे शेवटचा ‘ए’ २०२२-२३ पुढे होता. म्हणजे ज्या दोन वर्षांचे निकाल कंपनीने केव्हाच जाहीर केले होते, तीही अजून ‘अंदाज’ म्हणूनच छापलेली! त्याच ब्रोकरेजने नंतर २० चा आकडा १२ वर आणला होता. पीई ४० च धरला तरी भाव होतो ४८०, आणि अंदाज कापला गेला की बाजार सहसा पीईही कमी देतो. ‘सगळे’ अ‍ॅनालिस्ट म्हणजे प्रत्यक्षात दोघे निघाले.

नोव्हेंबरमध्ये सल्लागाराचा पुन्हा फोन आला. सप्टेंबर तिमाहीत विक्री जोरात वाढली, आणखी घ्या. पण २०२४ मध्ये घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती आणि २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला. या कंपनीची बरीच दुकानं पूर्व भारतात, तिथली दुर्गापूजेची बरीच खरेदी या वेळी डिसेंबर तिमाहीऐवजी सप्टेंबर तिमाहीत येऊन पडली. दोन्ही तिमाह्या मिळून पाहिल्याशिवाय आणि जुन्या दुकानांची विक्री नव्यांपासून वेगळी काढल्याशिवाय त्या वाढीला काही अर्थ नाही.

शिवाय तो नफा म्हणून एबिटडा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा दाखवायचा. १ एप्रिल २०१९ पासून इंड एएस ११६ हा भाडेकरारांच्या हिशेबाचा नियम लागू झाल्यावर दुकानांचं बहुतेक भाडं घसारा आणि व्याज म्हणून एबिटडाच्या खाली जातं. भाड्याच्या जागांवर चालणाऱ्या कंपनीचा एबिटडा त्यामुळे फुगलेला दिसतो. गोदामात पडून राहिलेल्या मालाबद्दल तर त्याने चकार शब्द काढला नाही, आणि मला सर्वात जास्त राग त्याचाच आहे, कारण फॅशन उलटली की तो माल पडत्या भावात काढावा लागतो.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या संकेतस्थळावर रिसर्च अ‍ॅनालिस्टचा आयएनएचने सुरू होणारा नोंदणी क्रमांक तपासता येतो. याने दिलेला क्रमांक दुसऱ्याच माणसाचा निघाला. आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि सेबीलाही कळवलं. पैसे अजून परत मिळालेले नाहीत. असा शिक्का मारलेला अहवाल तुमच्याकडे आला असेल तर डिलीट करू नका. फीची पावती आणि चॅटसकट तक्रारीला जोडा.