चावीवाला मेटल होल्डर, छोट्या टेम्पोत: कुलूप भक्कम, पण मागची रिंग हाताने फिरते

टेम्पोत फोन चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या मोबाइल होल्डरची चावी कुलपातच तुटली. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं होतं: सुटी चावी मिळत नाही, नवा होल्डर घ्या. एका चावीपायी पुन्हा सातशे रुपये मोजायची तयारी नाही, आणि होल्डर उघडल्यावर दिसलं की चावी हा त्यातला छोटा दोष आहे. मोठा दोष मागच्या बाजूला आहे आणि तो खोक्यावरच्या एकाही फोटोत दिसत नाही.

होल्डर ओळखीचाच आहे. अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, दोन्ही बाजूंनी जबडे, खाली छोटं कुलूप, मागे १७ मिमीचा बॉल-जॉइंट, म्हणजे सॉकेटच्या वाटीत फिरणारा गोळा, ज्याने होल्डरचा कोन बदलतो. गाडी छोटा हत्ती. एसी नाही, काचा दिवसभर खाली, आणि दर दुकानासमोर ड्रायव्हर उतरून मागे माल द्यायला जातो.

आधी एक गोष्ट स्पष्ट असावी. पान्हे-पकडी घेऊन येणाऱ्या माणसाला कुठलाच होल्डर अडवत नाही. आपला सामना भुरट्या चोराशी आहे. त्याच्याकडे रिकामे हात आणि दहा-बारा सेकंद एवढंच भांडवल असतं. त्यामुळे कसोटी सोपी: होल्डरवर बोटांनी फिरेल, सरकेल किंवा उपटेल असं काही असता कामा नये. या कसोटीवर हा होल्डर पुढून पास होतो आणि मागून नापास.

मागे, बॉलवर सॉकेट घट्ट आवळणारी आट्यांची रिंग असते. धरायला सोपी जावी म्हणून तिला छान खाचा पाडलेल्या असतात. त्या आपल्यासाठी जेवढ्या सोयीच्या, तेवढ्याच चोरासाठीही. रिंग दोन-तीन फेरे सैल केली की होल्डर फोनसकट हातात येतो आणि कुलपाला चावी लागतच नाही. पुढे कुलूप ठोकून मागचं दार लोटून ठेवावं, तशातली गत. डिझाइन करणाऱ्याने हा होल्डर कधी गाडीबाहेर उभं राहून, खिडकीतून हात घालून पाहिला नसावा.

यावर इलाज आहे. खर्च शंभराच्या आत. ड्रायव्हरला सीटवर बसवून कोन आधी पक्का करा आणि रिंग पूर्ण आवळा. रिंगचा जो भाग सॉकेटच्या आट्यांवर बसतो तिथे पंच मारा. २.५ मिमीच्या बिटाने फक्त रिंगच्या भिंतीला भोक पाडा. बिटाला टोकापासून तीन-चार मिमीवर इन्सुलेशन टेप गुंडाळली तर बिट जास्त आत जात नाही. मग एम३ चा टॅप, म्हणजे ३ मिमीचे आटे पाडायचं हत्यार, फिरवा आणि ५ मिमी लांबीचा ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा स्क्रू, बसवा. त्याचं टोक सॉकेटच्या आट्यांत रुतलं की रिंग हलत नाही. या स्क्रूला १.५ मिमीची षटकोनी अ‍ॅलन की लागते आणि ती सहसा कोणाच्या खिशात सापडत नाही. टॅप नसेल तर लेथवाला पाच मिनिटांत करून देतो. प्लास्टिकच्या रिंगमध्ये हे आटे टिकत नाहीत. म्हणून घेतानाच रिंगवर नख मारून बघा, प्लास्टिक असेल तर तो होल्डर घेऊच नका.

एवढ्यावर भागत नाही. बॉलची दांडीही डॅशबोर्डवर बसणाऱ्या बेस-प्लेटमध्ये आट्यांवरच बसलेली असते. रिंग जाम केली की अख्खा होल्डर स्टिअरिंगसारखा गोल फिरवून दांडी उघडता येते, कारण होल्डरच लांब दांड्याचं काम करतो. दांडी काढा, आटे थिनरने पुसा, लाल थ्रेडलॉकरचा (आटे चिकटवून पक्के करणाऱ्या द्रवाचा) एक थेंब टाका, आवळा आणि २४ तास हात लावू नका. नंतर सोडवायची वेळ आली तर हीट गन लागते. लाल थ्रेडलॉकर प्लास्टिकला लावू नका, काही प्लास्टिकना त्याने तडे जातात.

सोबत येणारी दुहेरी टेप भुरट्या चोराला तेवढ्यापुरती अडवते, उन्हाला मात्र नाही. चांगल्या प्रतीची फोम टेप आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसून लावली तर टिकते, पण तिला पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात आणि तेवढा वेळ टेम्पो रिकामा कोण ठेवतो? बोल्टच बरे. डॅशबोर्डचं प्लास्टिक पातळ असतं, नुसते स्क्रू मारले तर झटक्यात उपटतात. आतल्या बाजूने साधारण १०० × ६० मिमीची, २ मिमी जाडीची एमएस (साध्या पोलादाची) पट्टी धरून तीन एम५ अ‍ॅलन बोल्ट आरपार घ्या, खाली मोठे वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे). भोक पाडण्याआधी हात आत घालून वायरिंगचा हार्नेस (तारांचा जुडगा) कुठून जातो ते चाचपा. पावसाळ्याचा विचार करून एसएसचे (स्टेनलेस स्टीलचे) बोल्ट घ्यायचे तर नट हातपान्ह्यानेच, आट्यांना ग्रीस लावून, सावकाश आवळा. मशीनने आवळले की एसएसवर एसएस घासून जाम बसतं आणि बोल्ट कापावा लागतो. शेवटी अ‍ॅलन बोल्टच्या डोक्यातल्या खाचा एम-सीलने भरा. उघडायचं झालं तर टोच्याने कोरून काढता येतं, पण त्याला वेळ लागतो, आणि वेळच तर चोराकडे नसतो.

जागा निवडताना दोन्ही खिडक्यांपासून सारखं अंतर धरा. ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, काचेच्या खांबाजवळ लावलेला होल्डर बघायला सोयीचा, पण सिग्नलला शेजारी थांबलेल्या मोटरसायकलवाल्याच्या अगदी हाताशी येतो. मध्ये लावला तर दोन्हीकडून खांद्यापर्यंत हात आत घालावा लागतो. फोन होल्डरवर ठेवून फक्त रस्ता बघण्याला ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत मुभा आहे, अट एवढीच की लक्ष विचलित होता कामा नये. म्हणजे होल्डर नजरेच्या रेषेच्या खाली हवा, काचेच्या मधोमध नको.

आता चावी. ती का तुटते हे कळलं तर तुटणार नाही. जबड्यांना आतून स्प्रिंगचा दाब असतो आणि तो सगळा कुलपाच्या जिभेवर येतो. नुसती चावी फिरवली तर ती जीभ सरकवण्याबरोबर स्प्रिंगशीही झुंजते, आणि चावी जस्ताच्या मऊ ओतकामाची. डाव्या हाताने जबडे किंचित आत दाबा, मगच उजव्या हाताने चावी फिरवा, लोण्यासारखी फिरते. माहितीपत्रकात हे एक वाक्य हवं होतं. कुलपात तेल सोडू नका, धूळ चिकटून कणीक होते. पेन्सिलच्या शिशाची पूड पुरते. तुटलेला तुकडा जिगसॉच्या बारीक पात्याने निघतो: दात वर धरून पातं चावीच्या कडेने आत सारायचं, किंचित वळवून ओढायचं. दुसऱ्या चावीवर नंबर कोरलेला असेल तर बाजारातला चावीवाला त्यावरून नवीन कापून देतो. अशा स्वस्त कुलपांत चाव्यांचे प्रकार मोजकेच असतात, तेव्हा शेजारच्या टेम्पोची चावी आपल्या होल्डरला लागली तर नवल मानू नये.

इथपर्यंत होल्डरला पाचपैकी चार गुण द्यायचे ठरलं होतं. पण कामाच्या लयीत तो बसतो का? इथे मत बदलावं लागतं. दिवसाला दोन-तीन लांब खेपा असतील तर उत्तम. दर अर्ध्या किलोमीटरला डिलिव्हरी असेल, प्रत्येक ठिकाणी चलनाचा फोटो आणि ओटीपी असेल, तर चावीचा खेळ कुणी करत नाही. दुसऱ्याच दिवशी चावी कुलपातच लटकलेली दिसते आणि मग सातशेचा होल्डर दीडशेच्या होल्डरइतकाच कामाचा.

अशा कामाला स्प्रिंगची दोरी जास्त उपयोगी पडते हे कबूल करायला जड जातं, कारण ती दिसायला खेळण्यासारखी आहे. फोन आणि कव्हरच्या मध्ये पातळ टॅब, तिची कडी चार्जिंगच्या भोकातून बाहेर, त्या कडीला आत स्टीलची तार असलेली दोरी, दोरीचं दुसरं टोक कमरेच्या पट्ट्याला. चोर खिडकीतून झडप घालतो तेव्हा दोरी ताणली जाते, पट्ट्याला हिसका बसतो, त्याचा हात सुटतो. कव्हर घट्ट बसणारं हवं. ढिल्या सिलिकॉन कव्हरमधून फोन सुटून चोराकडे जातो आणि कव्हर आपल्याकडे राहतं. टॅबची कडा दर महिन्याला बघा, तिथेच फाटते. गाडी चालवताना मात्र दोरी पट्ट्यातून सोडून ठेवा, नाहीतर गिअरमध्ये अडकते.

म्हणून चांगली जोडी अशी: कुलपाच्या होल्डरमध्ये जुना फोन, फक्त नकाशा दाखवायला, मुख्य फोनच्या हॉटस्पॉटवर, सिम नाही, बँक नाही, यूपीआय नाही. मुख्य फोन दोरीला आणि खिशात. मग होल्डरची चावी दिवसातून दोनदाच लागते. जुना फोन बसवताना जबडे पॉवर बटणावर येत नाहीत ना हे बघा. अँड्रॉइडमध्ये पॉवर बटण लागोपाठ पाच वेळा दाबलं गेलं तर आपत्कालीन कॉल सुरू होऊ शकतो, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर जबडा हे काम आनंदाने करतो. दुपारी काचेखाली काळा होल्डर तापतो, फोन चार्ज होणं थांबवतो. दोष होल्डरचा नाही, उन्हाचा. पुठ्ठ्याचा पडदा लावा. चार्जिंगची वायरही चोरीला जाते. १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट, ३ अँपिअर देणारं मॉड्यूल डॅशबोर्डच्या मागे बसवा, इग्निशनच्या लाइनवर ३ अँपिअरच्या फ्यूजसह, आणि ग्रोमेटमधून (भोकात बसणाऱ्या रबरी कडीतून) वीतभर वायरच बाहेर ठेवा.

मुख्य फोनला दोन गोष्टी आजच करा. सिमला पिन लावा, कारण चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी तिथे मागवतो. तीनदा चुकीचा पिन टाकला की पीयूके, म्हणजे सिम पुन्हा उघडणारा कोड, मागितला जातो, तो कंपनीकडून घेऊन ठेवा. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसू देऊ नका.

आणि *#०६# दाबून दोन्ही आयएमईआय, म्हणजे फोनचे ओळख क्रमांक, आजच लिहून ठेवा, कागदावर, फोनमध्ये नव्हे. फोन गेलाच तर पोलीस तक्रारीची प्रत आणि खरेदीचं बिल घेऊन संचार साथी या सरकारी सेवेच्या सीईआयआर पोर्टलवर तो ब्लॉक करता येतो. देशभर ही सोय मे २०२३ पासून आहे. ओटीपीसाठी त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम आधी काढावं लागतं. आधी कंपनीचं दुकान, मग पोर्टल, हा क्रम उलटा केला की रांगेत दोनदा उभं राहावं लागतं. पैसे गेले असतील तर मात्र कशाचीच वाट बघू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.