जहांगीर कलादालनाबाहेर काढून घेतलेले व्यक्तिचित्र

मुंबईच्या काळा घोडा परिसरात, जहांगीर कलादालनाबाहेरच्या पदपथावर, माणसाला समोर बसवून व्यक्तिचित्र काढून देणारे चित्रकार असतात. त्यांच्यापैकी एकाकडून नुकतेच माझ्या आत्याचे चारकोलमधील चित्र करून घेतले. घरात आत्याचे एक चित्र आधीपासून होते, म्हणून तुलना करणे सोपे गेले. ते एका ऑनलाइन सेवेकडे मोबाइलवरचा फोटो पाठवून मागवले होते. त्यात पेन्सिलीचे काम अत्यंत सफाईदार होते, केसांची बटही सुटलेली नव्हती. मात्र फोटो अगदी जवळून घेतलेला असल्यामुळे नाक मूळच्यापेक्षा मोठे आले होते आणि ‘हस गं’ म्हटल्यावर आत्याने आणलेले उसने हसूही चित्रात जसेच्या तसे उतरले होते. पाहणाऱ्याला आत्या ओळखू येत असे, पण ती अशी हसते हे तिच्या ओळखीतल्या कोणाला पटले नसते.

पदपथावरच्या चित्रकाराने पहिली दहा-पंधरा मिनिटे चेहऱ्यातील बारकाव्यांना हातच घातला नाही. डोळे बारीक करून तो फक्त छायाप्रकाशाचे मोठे भाग पाहत होता आणि कपाळ, गालफड, हनुवटी यांची ढोबळ मांडणी करत होता. येणारेजाणारे थांबून पाहू लागल्यामुळे आत्या सुरुवातीला अवघडून बसली होती. ‘मावशी, तुम्ही गिरगावच्या का?’ एवढेच त्याने विचारले आणि पुढचा अर्धा तास ठाकूरद्वारच्या जुन्या चाळी, शाळेतल्या मुली आणि भाज्यांचे भाव यांवर अखंड बोलणे झाले. ही केवळ गप्पांची हौस नव्हती, हे त्याच्या हाताकडे पाहिल्यावर कळत होते. आत्या काही खोचक बोलण्याआधी ओठांचा डावा कोपरा किंचित आत ओढून धरते. ते तिने दुसऱ्यांदा केले तेव्हा त्याचा हात थेट तोंडापाशी गेला. त्याने ओठांमधली रेघ सलग ओढली नाही. दोन्ही कोपऱ्यांत गडद ठिपके दिले, डावा थोडा खोल ठेवला आणि मधला भाग बोटाने पुसून धूसर केला. त्या धूसरपणामुळे तोंड नुकतेच मिटले आहे की आता उघडणार आहे, हे ठरवता येत नाही.

डोळ्यांचे काम मला त्याहूनही सरस वाटले. ड्यूशेन या फ्रेंच वैद्याने १८६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिले होते की, ओठांचे कोपरे वर खेचणारा गालाचा स्नायू आपल्याला हवा तेव्हा हलवता येतो, परंतु मनापासून हसताना डोळ्यांभोवतीचा जो स्नायू आकुंचन पावतो, तो बहुतेकांना हुकमी हलवता येत नाही. फोटोसाठी आणलेले हसू बहुधा याच ठिकाणी उघडे पडते. या चित्रकाराने खालची पापणी केसभर वर घेतली, तिच्याखाली एक पुसट वळी दिली आणि बुबुळातील प्रकाशाचा ठिपका खोडरबराच्या टोकाने सर्वांत शेवटी काढला. ओठ मिटलेले असूनही चेहरा हसतो आहे असे वाटते, ते या खालच्या पापणीमुळे.

सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून ज्या शहरात आहे आणि जिथल्या वासुदेव कामत यांना पत्नीच्या व्यक्तिचित्रासाठी २००६ मध्ये पोर्ट्रेट सोसायटी ऑफ अमेरिकेचा सर्वोच्च सन्मान मिळाला, त्या शहरातील प्रेक्षकाची नजर थोडी लाडावलेली असते. तासाभरात आटोपलेल्या कामाला तो मापदंड लावणे अन्यायाचे होईल. तरीही उणिवा सांगितल्या पाहिजेत. उजवा कान लहान आणि खाली आला आहे. मान व पदर यांवर घाई स्पष्ट दिसते. चष्म्याची काच तर काढायची म्हणून काढली आहे. तिच्यावरची चकाकी डोळ्याशी भांडते. शक्य असल्यास चष्मा उतरवूनच बसावे.

चारकोल हाताला लागतो, म्हणून तो कागदावर पक्का बसवणाऱ्या द्रावाचा, म्हणजे फिक्सेटिव्हचा, फवारा मारून घ्यावा. आम्हाला तो मागून घ्यावा लागला. फ्रेम करताना चित्र काचेला चिकटू नये यासाठी मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगावे. दर, कागदाचा आकार आणि एकूण वेळ या गोष्टी बसण्यापूर्वीच ठरवाव्यात. लहान मुले तासभर स्थिर बसत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी ही सेवा मी सुचवणार नाही. घरातील वयस्कर, बोलक्या माणसाला मात्र अवश्य न्यावे, सोबत एकानेच जावे आणि चित्र चालू असताना ‘नाक बरोबर आलंय का’ असे मधेमधे विचारू नये.