बँकॉकमध्ये घर भाड्याने घेताना माझे १,२२,००० बाट गेले, ते असे

गेल्या आठवड्यात आमच्या कंपनीत नाशिकचा एक मुलगा रुजू झाला. जेवणाच्या सुट्टीत त्याने फोन माझ्यापुढे धरला. "सर, हा फ्लॅट बघा ना. भाडं बरं सांगतायत." व्हिडिओ सुरू झाला आणि माझा घास हातातच राहिला. पूर्वेकडची पांढरी भिंत, तिला लागून फिकट लाकडाचं कपाट, बाल्कनीतून दिसणारे बीटीएसचे, म्हणजे इथल्या उन्नत मेट्रोचे रूळ आणि मागून आवाज: "वहिनी, देवघराला ही भिंत एक नंबर आहे बघा." त्या वहिनी म्हणजे माझी बायको. ते कपाट आजही आमच्या बेडरूममध्ये आहे, फक्त त्याची डावी मूठ आता निखळली आहे. २०२३च्या जूनमध्ये हाच व्हिडिओ मी चिंचवडला पाठवला होता आणि दुसऱ्या दिवशी १,२२,००० बाट घालवून बसलो होतो. त्या वेळच्या भावाने दोन लाख नव्वद हजार रुपयांच्या आसपास.

एवढे दिवस हे कोणाला नीट सांगितलं नव्हतं. लाज वाटते हो. क्वालिटीत काम करतो मी, दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतो. पण तो व्हिडिओ अजून फिरतोय म्हटल्यावर लिहायला बसलो.

चाकणहून माझी बदली समुत प्राकानमधल्या बांग पू औद्योगिक वसाहतीत झाली. कंपनीने एक महिना राहायची सोय केली होती, पुढचं आपलं आपण बघायचं. बायको-मुलगी जुलैत येणार, मुलीची शाळा ऑगस्टात. म्हणजे घरासाठी हातात तीन आठवडे.

निघण्याआधी ज्याने त्याने एकच बजावलं होतं, थाई लोकांपासून सांभाळ. ग्रँड पॅलेसबाहेर कोणी "आज बंद आहे" म्हणाला तर ऐकायचं नाही, तो टुकटुकमध्ये बसवतो आणि टुकटुकवाला रत्नांच्या दुकानात नेऊन सोडतो. टॅक्सीचं दार उघडायच्या आधी मीटरचं विचारायचं. मी सगळं पाळलं. एकदा मीटरवरून वाद घालून भर पावसात टॅक्सीतून उतरलो. भाजीवालीने सुटे पैसे तिच्या हातावर मोजून दाखवले तरी मी माझ्या हातावर पुन्हा मोजायचो. संशयाचा माझा सगळा साठा असा दहा-वीस बाटांवर खर्च झाला.

घरं बघायला लागलो तेव्हा वेगळाच अनुभव. थाई एजंट मुलगी गोड बोलायची, वेळ ठरवायची आणि मग "कोणत्या देशाचे?" या प्रश्नानंतर लाइनवर (इथलं व्हॉट्सअ‍ॅप म्हणा) निरोप यायचा, "सॉरी ना खा, मालकांना भारतीय नकोत. करीचा वास." दोनदा असं झालं. तिसऱ्या मालकाने घरात स्वयंपाक करणार नाही असं लिहून मागितलं. मी संतापलो. आता इथे राहून सांगतो, चिंता अगदीच खोटी नाही. इथल्या बहुतेक कॉन्डोत गॅस सिलिंडर चालत नाही, ओटा हॉलमध्येच, दोन चकत्यांची विजेची शेगडी, खिडकी एकाच बाजूला. लसणाची फोडणी दिली की ती सोफ्याच्या कापडात जाऊन बसते आणि दिवाळीपर्यंत तिथेच राहते. तरी नकार तो नकारच. थाईत आपल्याला 'खेक' म्हणतात, मूळ अर्थ पाहुणा. पाहुण्याला घर मिळेना.

अशा मनःस्थितीत मी एका भारतीय किराणा दुकानात कांदा-लसूण मसाला आहे का विचारत होतो. मागून आवाज आला, "काय साहेब, पुण्याकडचे का?"

पस्तिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात फरसाणची पिशवी. बारा वर्षं बँकॉकमध्ये, सासर भोरचं. चहा त्यानेच पाजला. घराचं गाऱ्हाणं मी सांगायच्या आधी त्यानेच सांगितलं: "करीचा वास म्हणाले असतील." मग म्हणाला, माझ्याकडे उदोम सुक स्टेशनजवळ एक फ्लॅट आहे, मालकीण थाई आहे पण आपल्या लोकांना देते. "नावच बघा साहेब. उदोम सुक म्हणजे उत्तम सुख." (हे खरं आहे. निदान व्युत्पत्तीत त्याने फसवलं नाही.)

भाडं १६,००० बाट, दोन महिन्यांचं डिपॉझिट, एक महिना आगाऊ. इथला नेहमीचा रिवाज, त्यात काही खटकण्यासारखं नव्हतं. व्हिडिओ काढून त्यानेच बायकोसाठी पाठवला. मग जाता जाता म्हणाला, सहा महिने एकदम दिलेत तर मालकीण १५,०००वर येईल. डिपॉझिटचे ३२,००० आणि भाड्याचे ९०,०००. सहा हजार बाट वाचवल्याच्या आनंदात मी होतो.

करार इंग्रजीत, चार पानी. मालकिणीचं नाव, तिच्या ओळखपत्राची झेरॉक्स जोडलेली, खाली सही मात्र याची, "मालकांच्या वतीने". मुखत्यारपत्र कुठे आहे, हा प्रश्न पुण्यात असतो तर मीच विचारला असता. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सला मालक-भाडेकरू दोघांना अंगठा द्यावा लागतो. इथे तीन वर्षांपर्यंतच्या भाडेकराराला नोंदणी लागत नाही, सहीचा कागद पुरतो. ज्याच्या हातात किल्ली तो मालक, असं मी धरून चाललो.

पैसे पाठवताना एक संधी होती. इथल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये खातं नंबर टाकला की पैसे जायच्या आधी खातेदाराचं नाव दिसतं. नाव आलं ते एका तिसऱ्याच बाईचं. मी विचारलंसुद्धा. "मालकिणीची भावजय आहे साहेब, हिशेब तीच बघते." आपण विचारलं, उत्तर मिळालं, एवढ्यानेच माझं समाधान झालं आणि मी बटण दाबलं.

जुलै छान गेला. बायको आली, त्या भिंतीशी देव मांडले, मुलीने खालचा स्विमिंग पूल शोधून काढला. तो भोरचा जावई एकदा येऊन चिवड्याचं पाकीट देऊन गेला.

आता टीएम-थर्टी. परदेशी माणूस घरात राहायला आला की घरमालकाने चोवीस तासांत इमिग्रेशनला कळवायचं, त्या फॉर्मचं हे नाव. ऑनलाइनही भरता येतो, पावती मिळते आणि व्हिसाच्या मुदतवाढीला ती मागतात. मी त्याला जुलैतच विचारलं होतं. "करतो साहेब, सिस्टम डाऊन आहे." आठवड्याने, "मालकीण गावाला गेलीय, खोन केनला." नंतर, "कोणी विचारत नाही हो ते." ऑगस्टात चेंग वत्तनाच्या इमिग्रेशन ऑफिसात माझी मुदतवाढ होती आणि आमच्या एचआरमधल्या मुलीने पहिली तीच पावती मागितली. पावती नाही म्हटल्यावर म्हणाली, मालकिणीच्या ओळखपत्राची प्रत दे, मी बोलते.

प्रत हातात घेऊन तिला तीन सेकंदसुद्धा लागले नाहीत. "यावर सही नाही."

थाई माणूस ओळखपत्राची झेरॉक्स कोणालाही कोरी देत नाही. तिच्यावर 'सम्नाव थूक तोंग', म्हणजे खरी प्रत, असं लिहून सही करतो. कशासाठी दिली तेही बरेच जण लिहितात, म्हणजे त्या कागदावर दुसरं काही करता येऊ नये. इथल्या शाळकरी मुलालाही हे ठाऊक असतं. तिने कागद खिडकीपाशी धरला. कार्डाच्या खाली एक फिकट तिरकी रेघ होती, चिकटवलेल्या कागदाच्या पट्टीची कड. सही आणि त्याखालचा मजकूर झाकून प्रतीची प्रत काढली होती. दोन महिने तो कागद माझ्या फायलीत होता आणि मी कारखान्यात मायक्रॉनमध्ये बोलत होतो.

मग तिने आमच्या इमारतीच्या ऑफिसला फोन लावला. कॉन्डोच्या व्यवस्थापनाला इथे सगळे 'नीती' म्हणतात, 'नीतिबुक्खोन'चं लघुरूप. मुळात आपलीच नीती. नीतीने सांगितलं की फ्लॅट त्याच बाईचा, पण तिचा भाडेकरू एक खेक आहे, त्याने दोन महिने भाडं दिलेलं नाही आणि ती शनिवारी ताबा घ्यायला येते आहे.

म्हणजे प्रकार असा. त्याने तो फ्लॅट रीतसर भाड्याने घेतला, थोडे महिने भाडं भरलं, किल्ली आणि मालकिणीची कागदपत्रं हाताशी आल्यावर तोच मला दिला आणि तिचं भाडं बंद केलं. मी त्याला लाइनवर मेसेज केला. वाचला गेला. उत्तर आलं, "बोलतो साहेब, वहिनींना नमस्कार सांगा." त्यानंतर तो नंबरही नाही आणि ते खातंही नाही.

शनिवारी मालकीण आली. निवृत्त शिक्षिका, सोबत भाचा. स्वतःच्याच घराच्या दारात चपला काढून, वाय (थाई नमस्कार) करून उभी राहिली. आम्ही सामान बांधायच्या तयारीत. भाच्याच्या इंग्रजीतून सगळं ऐकून घेतल्यावर ती देवांकडे बघत बसली, कारण गणपती तिच्या ओळखीचा निघाला. थाई लोक त्याला फ्रा फिकनेत म्हणतात आणि भक्तिभावाने पुजतात. मग व्यवहाराचं बोलली. त्याचं दोन महिन्यांचं डिपॉझिट तिच्याकडेच होतं, त्यामुळे तिचा एक बाटही बुडाला नव्हता. राहायचं असेल तर नवा करार, एक महिन्याचं डिपॉझिट, भाडं १४,०००. खरं भाडं तेवढंच होतं. माझी सहा हजारांची बचत तिथे संपली. अट एकच, फोडणी देताना बाल्कनीचं दार उघडं ठेवायचं. टीएम-थर्टीची पावती भाच्याने त्याच रात्री पाठवली.

पोलिसांकडचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तिथे मी दुसरी चूक केली. आधी १११५ की ११५५ असा गोंधळ घालत टुरिस्ट पोलिसांना फोन लावला. त्यांचा नंबर ११५५, इंग्रजी बोलणारं माणूस मिळतं, पण अशा कामाला ते आपल्या भागातल्या ठाण्याकडे पाठवतात. ठाण्यात दोन तास बसलो, सगळे हसून बोलले, शिक्का मारलेला कागद मिळाला. मी खूश. एचआरच्या मुलीने वाचला आणि कपाळावर हात मारला. ती नुसती 'प्रजाम वान', रोजच्या डायरीतली नोंद. आपल्याकडे एनसी लिहून वाटेला लावतात, तसंच. त्यावर तपास होत नाही. 'जेंग ख्वाम' करायचं आहे, आरोपीवर खटला हवा आहे, असं स्पष्ट सांगावं लागतं. आणि साध्या फसवणुकीच्या गुन्ह्यात, म्हणजे थाई दंडसंहितेच्या कलम ३४१मध्ये, गुन्हा आणि गुन्हेगार कळल्यापासून तीन महिन्यांत तक्रार झाली नाही तर ती बाद होते. दुभाषा घेऊन दुसऱ्यांदा गेलो तेव्हा दोन महिने उलटले होते. 'माय पेन राय (काही हरकत नाही), पुढच्या आठवड्यात या' म्हणून पाठवलं असतं आणि मी ऐकलं असतं, तर गेलंच होतं.

पैसे ज्या खात्यात गेले ते निघालं 'बंची मा', शब्दशः घोड्याचं खातं. थोड्या पैशांसाठी स्वतःचं बँक खातं दुसऱ्याला वापरायला देणाऱ्यांचा इथे सुळसुळाट आहे. २०२३च्या मार्चमध्येच त्यावर नवा कायदा आला, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ऑनलाइन फसवणुकीसाठी आता १४४१ नंबर आहे, लगेच फोन केला तर खातं गोठवायचा प्रयत्न तरी होतो. माझे पैसे गेलेलं खातं मात्र दोन महिन्यांपूर्वीच रिकामं झालं होतं.

त्याचं नाव का लिहीत नाही, असं नाशिकच्या मुलानेही विचारलं. इथे बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे. नाव छापलं तर तो पळालेला माणूस वकील पाठवू शकतो आणि कोर्टाच्या पायऱ्या मी चढायच्या. ज्यांनी चिडून फोटोसकट लिहिलं त्यांनाच उलट नोटीस, हे इथे नवं नाही.

त्या मुलाला मी एवढंच करायला लावलं. त्याने मेसेज टाकला, "पैसे देण्याआधी मालकांच्या नावाने टीएम-थर्टी करून मिळेल ना, आणि मी नीतीच्या ऑफिसात मालकांना भेटू शकतो का?" दोन निळ्या रेघांची वाट बघत आम्ही चहा प्यायलो. लाइनवर निळ्या रेघा नसतात हे मी विसरलो, तिथे 'वाचलं' असं येतं. ते आलं. दहा मिनिटांनी त्या माणसाचं खातं गायब.

व्हिडिओ आणि त्या संभाषणाचे स्क्रीनशॉट मी त्याच रात्री आमच्या केसच्या तपास अधिकाऱ्याला लाइनवर पाठवले. सकाळी उत्तर आलं. हात जोडून वाय करणारं एक गुबगुबीत अस्वल.