सायरन जोरात वाजतोय म्हणजे अलार्म चालू आहे असं समजू नका

आमच्या अलार्मवाल्याला आम्ही स्वतःहून दोन नवीन गिऱ्हाइकं मिळवून दिली, हे सगळ्यात जास्त लागतंय.

आमच्याकडे वायरवाला अलार्म आहे, दारं-खिडक्यांना मॅग्नेटचे सेन्सर, हॉलमध्ये एक मोशन सेन्सर आणि जिन्याखाली पॅनेल, म्हणजे सगळ्या वायरी येतात ती मुख्य पेटी. ज्याने बसवला त्याच्याकडेच एएमसी, म्हणजे वर्षाचा देखभालीचा करार. दर सहा महिन्यांनी यायचा, कीपॅडवर टेस्टचं बटण दाबायचा, सायरन असा बोंबलायचा की शेजारी डोकावून बघायचे, आणि आम्ही खुशीत सही करायचो. दहा मिनिटांत काम खल्लास. त्या बटणाने फक्त सायरन तपासला जातो, दारावरचे सेन्सर त्यात येतच नाहीत, हे आम्हाला कोण सांगणार.

मधे मागच्या दाराचा सेन्सर रात्री-अपरात्री उगाच वाजायला लागला. त्याला बोलावलं, म्हणाला सेन्सर गेलाय, नवीन टाकतो. पैसे घेतले, आणि खरं सांगते त्यानंतर एकदाही वाजला नाही! आई तर येईल त्याला सांगायची, किती गुणी मुलगा आहे म्हणून. ती दोन गिऱ्हाइकं तेव्हाचीच.

मग एकदा रात्री लाइट गेली आणि पाचच मिनिटांत कीपॅड काळाठिक्कर. बॅटरी तर त्याने वर्षापूर्वीच "नवीन" टाकलेली. फोन केला तर म्हणे लोड जास्त असेल, मग म्हणे बघतो, मग फोन उचलणंच बंद. शेवटी ओळखीतल्या एका वायरिंगवाल्या काकांना पॅनेल उघडायला लावलं.

बॅटरी 12 व्होल्ट 7 एएचची (एएच म्हणजे बॅटरीची क्षमता), पॅनेलमध्ये बहुतेक हीच असते आणि साधारण 3 ते 5 वर्षं चालते. आमच्या बॅटरीवर पेनाने गेल्या वर्षीची तारीख घातलेलं स्टिकर होतं. काकांनी ते नखाने खरवडलं तर खाली कंपनीची तारीख, सहा वर्षांपूर्वीची, म्हणजे सिस्टिम बसवली तेव्हाचीच बॅटरी. दोन्ही बाजूंनी फुगलेली.

पण खरी कमाल मागच्या दाराची. या सिस्टिममध्ये प्रत्येक सेन्सरच्या टोकाला एक छोटा रेझिस्टर (विजेला ठरावीक अडथळा करणारा तुकडा) असतो, पॅनेल वायरमधून तो सतत मोजत राहतं, दार उघडलं किंवा कुणी वायर तोडली की आकडा बदलतो आणि अलार्म होतो. या पठ्ठ्याने काय केलं, दाराकडून येणारी वायर काढून टेप गुंडाळून आतच कोंबली आणि तो रेझिस्टर सरळ पॅनेलच्या स्क्रूमध्ये लावून टाकला. म्हणजे पॅनेलच्या मते ते दार कायम बंद!! काकांनी अलार्म लावून दार सताड उघडलं, एक टूं सुद्धा नाही. आम्ही मात्र इतके महिने रोज रात्री कोड टाकून शांत झोपत होतो. फोन लावणाऱ्या डायलरचं सिमही बंद पडलेलं निघालं, पण तोवर राग संपत आला होता.

दुरुस्ती तरी करावी म्हटलं तर सेटिंगला इन्स्टॉलर कोड लागतो. रोजचा चालू-बंदचा कोड वेगळा आणि हा वेगळा, आणि तो त्याच्याकडेच. वर त्याने पॅनेल असं लॉक केलेलं की रिसेटसुद्धा होईना, पॅनेल नवीनच घ्यावं लागलं. वायरी आणि सेन्सर तेच चालले, एवढंच नशीब. (आणि हो, मागच्या दाराचा सेन्सरही जुनाच होता, झाकण तेवढं नवीन.) यावेळी इन्स्टॉलर कोड आधी कागदावर लिहून घेतला, मगच पैसे दिले.

आता महिन्यातून एकदा अलार्म लावून एकेक दार, एकेक खिडकी मीच उघडून बघते, प्रत्येक वेळी वाजलाच पाहिजे, फोनही आला पाहिजे. तीन-चार महिन्यांनी पॅनेलचा मेन स्विच बंद करून दोन-तीन तास बॅटरीवर ठेवते. काही बदललं की जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय सही नाही, मग समोरच्याला राग येवो नाहीतर काही होवो.

त्या दोन्ही घरी मी फोन केला. एकांनी पॅनेल उघडलं तर तस्साच रेझिस्टर, तोही दोन झोनवर, म्हणजे सेन्सरच्या दोन लाइनींवर. दुसरे म्हणाले, अहो आमचा अगदी व्यवस्थित वाजतो, कालच टेस्टिंग करून गेला.