वर्गणीच्या पावतीत काय मिळतं? कोल्हापुरातल्या शिक्षक संघटनांच्या सेवेचं परीक्षण

कोल्हापूर जिल्ह्यात शिक्षक संघटनांना तोटा नाही. प्राथमिककडे शिक्षक संघ, शिक्षक समिती, पुरोगामी. माध्यमिककडे शिक्षक परिषद, टीडीएफ (शिक्षक लोकशाही आघाडी), शिक्षक भारती. शिवाय मुख्याध्यापकांची आणि शिक्षकेतरांची वेगळी घरं. नव्याने रुजू झालेला शिक्षक बहुधा केंद्रातल्या ज्येष्ठ सरांच्या शब्दाखातर एक पावती फाडून घेतो. त्या पैशांत नेमकी कोणती सेवा मिळते, हे मात्र त्याला कुणी सांगत नाही.

इथे संघटनांना क्रमांक दिलेले नाहीत, सेवांना दिले आहेत. कारण एकाच संघटनेची एका तालुक्यातली शाखा कामाला खमकी असते आणि शेजारच्या तालुक्यात फोनही उचलला जात नाही. कसोटी एकच लावली आहे: संघटनेच्या मदतीने शिक्षकाचा कागद वेळेत, योग्य टेबलावर, आवक क्रमांकासह पोचतो का? निवेदन देतानाचा फोटो ही सेवा नव्हे. निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक असेल तर ती सेवा.

सर्वांत मोलाची सेवा खाजगी अनुदानित शाळांतल्या शिक्षकांसाठी आहे: चौकशी आणि बडतर्फीच्या वेळची मदत. १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी अधिनियम आणि १९८१ ची नियमावली शिक्षकाला चांगलं संरक्षण देते, पण ते मुदतींवर उभं आहे. आरोपांचं विवरण हातात पडलं की खुलाशाला साधारण ७ दिवस मिळतात. पुढे संस्थेने चौकशी लावायचं ठरवलं तर नियम ३६ प्रमाणे समिती तीन जणांची: एक संस्थेचा, एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला, आणि एक स्वतः कर्मचाऱ्याने नेमलेला, जो कोणत्याही खाजगी शाळेतला कर्मचारी असू शकतो. ही तिसरी खुर्ची म्हणजे संघटनेच्या कामाची खरी परीक्षा.

भिडेखातर आपल्याच शाळेतला सहकारी नेमला की घोळ होतो. त्यालाही त्याच संस्थेत नोकरी करायची असते. एक-दोन बैठकांना तो येत नाही, कोऱ्या रोजनाम्यावर (बैठकीच्या कामकाजाच्या नोंदीवर) सही करतो, आणि शेवटी वेगळं मत न नोंदवता अहवालाखाली नाव टाकतो. जाणत्या संघटनेकडे तालुक्याबाहेरची चार-सहा अशी माणसं तयार असतात, ज्यांनी आधी चौकश्या केलेल्या आहेत आणि जी प्रत्येक बैठकीच्या रोजनाम्याची प्रत मागून घेतात. सभासद होण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच: ‘चौकशी लागली तर आमच्या बाजूने कोण बसेल?’ नाव सांगता आलं नाही तर ती संघटना या कामाची नाही.

समितीने चौकशी साधारणपणे १२० दिवसांत संपवायची असते. कामकाजाचा सारांश कर्मचाऱ्याला पाठवून त्यावर म्हणणं मांडायला ७ दिवस द्यावे लागतात. हा टप्पा बऱ्याचदा गाळला जातो आणि पुढे अपिलात तोच शिक्षकाच्या बाजूने पडतो. म्हणून सारांश आला नसेल तर तसं लेखी कळवून ठेवायचं. निलंबनाचंही तसंच. सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी नसेल तर निर्वाह भत्त्याचा भार संस्थेवर जातो, आणि परवानगीशिवाय निलंबन ४ महिन्यांपलीकडे ओढता येत नाही. कार्यकर्त्याने पहिल्याच दिवशी परवानगीच्या पत्राची प्रत मागितली पाहिजे.

सेवा संपवल्याचा आदेश मिळाला की कलम ९ खालचं अपील ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात गेलं पाहिजे. पदावनत केलं किंवा पदोन्नतीत डावललं तरी हाच मार्ग. न्यायाधिकरण कोल्हापुरातच असल्याने आजरा-चंदगडचा शिक्षकही एका दिवसात वकीलपत्र देऊन परत जाऊ शकतो. तरीही मुदत हुकते, आणि ती हुकण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे ‘अध्यक्षांशी बोलून मिटवू’ असं सांगणारा मध्यस्थ. बोलणी जरूर चालू ठेवावीत, पण अपील दाखल करून. उशीर माफ होऊ शकतो, मात्र त्यासाठी सबळ कारण द्यावं लागतं आणि ‘बोलणी चालू होती’ हे कारण नेहमी चालत नाही. आदेश टपालाने आला असेल तर पाकीट फेकू नका. तारखेचा पुरावा त्याच्यावरच असतो.

इथेच कलम ७ लक्षात ठेवण्यासारखं आहे. राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत रजिस्टर टपालाने संस्थेला आणि दुसरी स्वतःकडे, अशी कायद्याची पद्धत आहे. नेमणुकीच्या वेळी कोऱ्या कागदावर सह्या दिलेल्या शिक्षकांना ही एक ओळ माहीत असणं नोकरी वाचवणारं ठरतं. संघटनेच्या नवीन सभासद शिबिरात ती सांगितली जात नसेल तर शिबिराचा अर्धा उपयोग वाया गेला.

न्यायाधिकरणाच्या निकालानंतर रिट याचिकेसाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आहे आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथे चालतात. वैयक्तिक मान्यता (नेमणुकीला शिक्षण विभागाची मंजुरी), शालार्थ आयडी (ऑनलाइन पगार प्रणालीतला क्रमांक), थकीत वेतन, जुनी पेन्शन असल्या प्रश्नांवर अनेक शिक्षक मिळून याचिका करतात. त्यात सामील होताना तीन गोष्टी कागदावर घ्या: प्रत्येकी रक्कम किती आणि कोणत्या टप्प्याची, तुमचं नाव याचिकाकर्त्यांत कितव्या क्रमांकावर आहे, आणि याचिकेचा क्रमांक. पैसे भरूनही नाव याचिकेत नसल्याचं निकालानंतर कळणं, ही या सेवेतली सर्वांत वाईट चूक. नाव असेल तर निकालाचा लाभ आपोआप मिळण्याचा मार्ग सोपा होतो. नसेल तर ‘आम्हालाही लागू करा’ म्हणून पुन्हा अर्जापासून सुरुवात.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी मात्र वरचा सगळा भाग स्वतःला लागू समजू नये. त्यांना १९६४ चे जिल्हा सेवा शिस्त व अपील नियम आहेत आणि शाळा न्यायाधिकरण त्यांच्यासाठी नाही. माध्यमिकच्या अनुभवी नेत्याचा सल्ला प्राथमिकच्या प्रकरणात चुकतो तो याच कारणाने. नगरपालिका-महापालिकेच्या शिक्षकांनीही आधी आपले नियम कोणते ते विचारून घ्यावं.

दुसऱ्या क्रमांकावर वैद्यकीय बिलं. इथे संघटनेचा माणूस जाणकार असेल तर महिने वाचतात. राज्याच्या नियमांप्रमाणे खाजगी दवाखान्यातल्या उपचारांची प्रतिपूर्ती २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजारांच्या यादीशी जोडलेली आहे. म्हणून डिस्चार्ज कार्डावरचं निदान आणि तातडीच्या प्रमाणपत्रावरची भाषा एकमेकांशी जुळली पाहिजे, आणि ती यादीतल्या आजाराशी जुळली पाहिजे. डॉक्टर घाईत एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर वेगळं लिहितात. प्रस्ताव त्रुटीत निघतो तो तिथे. दवाखान्यातून बाहेर पडण्याआधीच हे तपासायचं, कारण नंतर तीच सही आणि तोच शिक्का मिळवायला चार खेपा होतात.

औषधांच्या प्रत्येक बिलावर डॉक्टरांची सही-शिक्का, बिलं तारखेच्या क्रमाने लावून पाठीमागे क्रमांक, एकूण रकमेची वेगळी यादी, मूळ बिलांचा एक संच आणि झेरॉक्सचे किमान दोन संच. कुटुंबातल्या व्यक्तीचा उपचार असेल तर अवलंबित्वाचं प्रतिज्ञापत्र. मग मुख्याध्यापक किंवा गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत प्रस्ताव आणि सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या आवारातली वैद्यकीय पडताळणी. पडताळणीत टॉनिक, आहार, खोलीचं जादा भाडं अशा बाबी कापल्या जातात, त्यामुळे भरलेली सगळी रक्कम मिळेल असं गृहीत धरू नये. मंजुरी आली तरी पैसे अनुदान असेल तेव्हाच पडतात. या शेवटच्या टप्प्यावर संघटनेचा पाठपुरावा खरोखर उपयोगी पडतो: जिल्ह्यातली प्रलंबित बिलं एकत्र करून तरतूद मागणं एकट्या शिक्षकाला जमत नाही.

जिल्हा परिषद शिक्षकांच्या ऑनलाइन बदल्यांत संघटनेची मदत मध्यम दर्जाची म्हणावी लागेल. संवर्ग १ (दिव्यांगत्वासारखी विशेष कारणं) आणि संवर्ग २ (पती-पत्नी एकत्रीकरण) चे फॉर्म भरून देण्याची शिबिरं चांगली होतात. पण फॉर्म भरणं हा सोपा भाग आहे. खरं काम दाखल्यांचं: पती-पत्नी एकत्रीकरणात ३० किलोमीटरचं अंतर बांधकाम विभागाच्या दाखल्याने सिद्ध करावं लागतं, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र यूडीआयडी (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) क्रमांकासह असावं लागतं. गगनबावडा, शाहूवाडीसारख्या डोंगरी भागात अवघड क्षेत्राच्या यादीत शाळा आहे की नाही, यावर संवर्ग ३ चा, म्हणजे अवघड क्षेत्रात काम केलेल्याचा बदली मागण्याचा हक्क ठरतो. ती यादी जाहीर होते तेव्हा हरकती घ्यायच्या असतात, बदलीचा आदेश आल्यावर नव्हे. शिवाय एका सभासदाच्या तक्रारीने दुसऱ्या सभासदाची जागा जाते, अशा वेळी पदाधिकारी गप्प बसतात. त्यांची अडचण समजण्यासारखी आहे, पण ज्याची बदली चुकली त्याने अशा वेळी संघटनेची वाट न पाहता मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे स्वतःच्या नावाने अपील द्यावं.

व्यावसायिक प्रगतीची मदत ही सर्वांत कच्ची बाजू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण घ्यावं अशी अपेक्षा आहे, आणि १२ वर्षांनी वरिष्ठ, २४ वर्षांनी निवड श्रेणी मिळायला प्रशिक्षण लागतंच. तरी संघटनांची अधिवेशनं मागण्यांच्या ठरावांत संपतात. वर्गात काय शिकवायचं आणि कसं, यावर अर्धा दिवससुद्धा मिळत नाही.

आता टीईटीने (शिक्षक पात्रता परीक्षेने) हा प्रश्न तातडीचा केला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाप्रमाणे पहिली ते आठवीच्या ज्या कार्यरत शिक्षकांची सेवा ५ वर्षांहून जास्त उरली आहे, त्यांना २ वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं आहे. ५ वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांची नोकरी राहते, पण पदोन्नती हवी असेल तर टीईटी लागते. पहिली ते पाचवीला पेपर एक, सहावी ते आठवीला पेपर दोन, प्रत्येकी १५० गुण. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के म्हणजे ९० गुण. पन्नाशीच्या मॅडम वीस वर्षं चौथीचा वर्ग उत्तम सांभाळत असतील, पण बालमानसशास्त्राचे बहुपर्यायी प्रश्न वेळ लावून सोडवण्याची सवय त्यांना नसते. त्यांना मोर्चाही हवा आणि शनिवारी दुपारचा सराव वर्गही. जी संघटना तालुक्याच्या गावी असा वर्ग चालवते, जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवून घेते, तिच्या या सेवेला आम्ही यादीत वरचा क्रमांक देऊ. केवळ ‘निकाल बदलून आणू’ म्हणणाऱ्यांच्या भरवशावर वर्ष घालवू नका.

निवृत्तीच्या प्रकरणांत संघटनेतल्या जुन्या जाणत्यांचा हात सोन्याचा. सेवापुस्तकाची वेतन पडताळणी निवृत्तीच्या तोंडावर न करता दोन-तीन वर्षं आधी करून घ्या, हा त्यांचा सल्ला अक्षरशः पाळावा. जुनी वेतननिश्चिती चुकल्याचं शेवटच्या महिन्यात निघतं आणि लाखांच्या घरातली वसुली काढली जाते. पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वर्ग ३ व ४ च्या कर्मचाऱ्यांकडून, तसंच निवृत्त किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून अशी वसुली करू नये असं म्हटलं आहे. मात्र वेतननिश्चितीच्या वेळी ‘जादा रक्कम परत करीन’ असं हमीपत्र दिलं असेल तर मुद्दा वादाचा होतो. संघटनेने अर्ज लिहून देताना हमीपत्र पाहिलं नाही, तर तो अर्ज अर्धवट समजावा.

पतसंस्था आणि शिक्षक बँकेबद्दल थोडक्यात. प्राथमिकची शिक्षक बँक आणि माध्यमिकची कोजिमाशि पतसंस्था यांचं सभासदत्व संघटनेहून वेगळं आहे; निवडणुकीच्या पॅनेलांमुळे दोन्ही एकच वाटतात. कर्ज, मयत सभासदाच्या कुटुंबाची मदत हे लाभ त्या त्या संस्थेच्या पोटनियमांवर मिळतात, संघटनेच्या पावतीवर नव्हे. जामीन राहताना मात्र जपून, कारण कर्जदार थकला की कपात जामीनदाराच्याही पगारातून होऊ शकते.

सभासद होताना पावतीवर वर्ष, रक्कम, पावती क्रमांक आणि वार्षिक की आजीव हे लिहून घ्या. शाळा बदलली की तालुका शाखेला लेखी कळवा, नाहीतर यादीतलं नाव जुन्या तालुक्यातच राहतं. आणि पहिली नोटीस आली त्याच दिवशी, खुलासा लिहिण्याआधी, तिची प्रत तालुक्याच्या कार्यकर्त्याला द्या. रागाच्या भरात शाळेतच बसून लिहून दिलेला खुलासा नंतर कोणत्याही संघटनेला मागे घेता येत नाही.