आधी ‘ले मिझेराब्ल’ लावू की ‘सँ-ओमेर’?

दोन्ही फ्रेंच सिनेमे, दोन्ही आपापल्या दिग्दर्शकाचे पहिलेच कथापट. दोघेही दिग्दर्शक माहितीपटांतून आलेले, दोघांचे आईवडील पश्चिम आफ्रिकेतून फ्रान्सला आलेले आणि दोघंही पॅरिसला लागून असलेल्या सेन-सँ-दनी या एकाच जिल्ह्यात वाढलेली. ‘ले मिझेराब्ल’वाला लाज ली माँफेर्मेयचा, ‘सँ-ओमेर’वाली आलिस दियोप ओल्ने-सू-बुआची. एवढं सारखं असूनही एक आवडला म्हणून दुसरा आवडेलच याची हमी मी देणार नाही.

‘ले मिझेराब्ल’ (२०१९) पावणेदोन तासांचा. व्हिक्टर ह्यूगोच्या याच नावाच्या कादंबरीचं हे रूपांतर नाही. नाव उसनं घेतलंय, कारण तेनार्दिए जोडप्याची खाणावळ ह्यूगोने माँफेर्मेयमध्येच दाखवली होती. गस्तीच्या गाडीत तीन पोलीस, बाहेर कडक ऊन. इसा नावाचा पोरगा सर्कशीतून सिंहाचा छावा पळवतो आणि तेवढ्यावरून वस्ती पेटायला लागते. झटापटीत एका पोलिसाच्या बंदुकीतली रबरी गोळी थेट पोराच्या तोंडावर बसते आणि वर दुसऱ्या एका मुलाचा ड्रोन ते सगळं टिपत असतो. लीचा सराव इथे दिसतो. तो स्वतः तरुणपणी कॅमेरा घेऊन वस्तीत पोलिसांच्या मागे असायचा, आणि ड्रोनवाला मुलगा त्याच्याच मुलाने केलाय.

कानमध्ये या सिनेमाला ब्राझीलच्या ‘बाकुराउ’बरोबर विभागून ज्युरी पुरस्कार मिळाला, पुढे ऑस्करचं नामांकन, सेझारमध्ये, म्हणजे फ्रेंच सिनेमाच्या वार्षिक पुरस्कारांत, सर्वोत्कृष्ट चित्रपट. लोकांनीही उचलून धरला, फ्रान्समध्ये वीस लाखांच्या वर तिकिटं गेली. तक्रारी दोन झाल्या. वस्तीची गोष्ट पोलिसांच्या गाडीतून का पाहायची? आणि यात बायका कुठे आहेत? पहिली मला फारशी पटत नाही. शेरबूरहून बदली होऊन आलेला स्तेफान आपल्याइतकाच नवखा आहे, त्यामुळे इथे कोण कुणाचा माणूस हे त्याच्याबरोबर आपल्यालाही कळत जातं. दुसरी मात्र रास्त आहे.

‘सँ-ओमेर’ (२०२२) दोन तासांचा आणि बराचसा वेळ कोर्टाच्या एकाच दालनात. पंधरा महिन्यांच्या मुलीला रात्री समुद्राच्या भरतीच्या हवाली करून आलेल्या आईचा हा खटला. मूळ घटना खरी आहे. २०१६ साली सँ-ओमेरच्या कोर्टात ती सुनावणी चालली तेव्हा दियोप स्वतः तिथे जाऊन बसली होती, आणि बरेचसे संवाद त्या कामकाजातूनच आलेत. क्लेर मातोंचा कॅमेरा आरोपी लॉरान्सवर लागला की बराच वेळ हलतच नाही. मागे लाकडी भिंत, अंगात जवळपास त्याच रंगाचे कपडे आणि ती भूमिका करणाऱ्या गुस्लाजी मालांदाचा चेहरा. का मारलंस, असं न्यायाधीश विचारतात. ती म्हणते, मला माहीत नाही, या खटल्यातून कळेल अशी आशा आहे. हे ऐकून जो चुळबुळ करेल त्याने पुढे बघू नये.

साक्षीला आलेल्या, लॉरान्सच्या प्राध्यापिकेला प्रश्न पडलाय, की आफ्रिकन मुलीने विट्गेन्श्टाइन या युरोपियन तत्त्वज्ञावर प्रबंध लिहायचा कशाला, आपल्या संस्कृतीला जवळचं काही का नाही घेतलं? आवाज अगदी सभ्य. ‘तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!’ हे कौतुक ज्यांनी कधी गिळलंय, त्यांना ही जागा फोड करून सांगावी लागणार नाही.

व्हेनिसमध्ये याला ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला आणि पदार्पणाचा ‘लायन ऑफ द फ्युचर’ही. २०१४ साली हाच पदार्पणाचा मान चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’ला मिळाला होता, आणि निवड करताना ही खूण कामाची आहे. ‘कोर्ट’मधला ठाम कॅमेरा, लांबत जाणाऱ्या सुनावण्या तुम्हाला आवडल्या असतील तर बेलाशक ‘सँ-ओमेर’ लावा. ‘अरे, पुढे सरका ना’ असं झालं असेल तर लीकडे जा. फ्रान्सने दियोपचा सिनेमाही ऑस्करला पाठवला होता. तो पंधराच्या यादीपर्यंत गेला, नामांकन काही मिळालं नाही. पदार्पणाचा सेझार मात्र मिळाला.

दोष याच्यातही आहे. खटला ऐकायला आलेली लेखिका रामा (हो, बाईचं नाव आहे, आणि तीही गरोदर) पासोलिनीचा ‘मेदेआ’ (पोटच्या मुलांना मारणाऱ्या आईच्या ग्रीक कथेवरचा सिनेमा) बघत बसते, तो तुकडा मला आधीच समजलेलं पुन्हा समजावणारा वाटला.

मित्रमंडळी जमणार असतील तर ‘ले मिझेराब्ल’. तो संपल्यावर भांडायला मजा येते, कारण शेवट जिन्यात, ऐन क्षणी तोडलाय. एकटे असाल तर ‘सँ-ओमेर’. माझा कौल यालाच, फक्त घरात नुकतं बाळ आलं असेल तर काही महिने थांबा. आणि मोबाइलवर बघू नका. बचावाची वकील शेवटी सरळ कॅमेऱ्यात बघून बोलायला लागते. नेमकी तेव्हाच आई ‘उद्या दूध किती सांगू?’ विचारायला आत आली, आणि मला ते सगळं भाषण पहिल्यापासून लावावं लागलं. या खेपेला आईही बसली.