पांढऱ्या पत्र्यात सिमकार्ड : सॅटेलाइट इंटरनेटच्या नावाने ५६,१५० रुपयांना गंडवलं

तंबूशेजारी डिश लावा, जंगलात इंटरनेट चालवा, अशी स्टारलिंक या उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या ‘मिनी’ नावाच्या छोट्या डिशची जाहिरात घेऊन कोणी व्हॉट्सअॅपवर आला तर एक पैसा देण्याआधी हे वाचा. माझे ५६,१५० गेले. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ होता. व्यापाऱ्यानं माझ्या हातावर टेकवले चार हजारांच्या आसपास. म्हणजे चौदा क्विंटल सोयाबीन त्या भामट्याच्या घशात गेलं.

माझं वावर मेळघाटच्या पायथ्याशी, धुऱ्यापलीकडे सागवान. हिवाळ्यात तिथं तंबू लावतो. नागपूर-अकोल्याची पोरं येतात, रोडगे आणि वांग्याचं भरीत खाऊन खूश होतात, पण गाडीतून उतरल्यावर पहिला प्रश्न एकच, “भाऊ, नेटवर्क कुठं येते?” एका ग्रुपनं तर नेटवर्क नाही म्हणून बुकिंग रद्द केलं, ॲडव्हान्सही परत मागितला. त्यामुळे कोणी म्हणेल ‘लालच केली’, तर त्याला माझं सांगणं आहे की ही लालच नव्हती, धंद्याची गरज होती.

आणि मी काही डोळे मिटून पैसे दिले नाहीत. जून २०२५ मध्ये केंद्रानं स्टारलिंकला परवाना दिल्याची बातमी आली होती. नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारनं करार केला, त्यात पहिले जिल्हे गडचिरोली, वाशीम, नंदुरबार, धाराशिव. म्हणजे चारातले दोन आपल्या विदर्भातलेच. मग डिसेंबरात सगळ्या चॅनलवर दर झळकले, डिश ३४,००० आणि महिन्याला ८,६००. जानेवारीत व्हॉट्सअॅपवर आलेल्या त्या माणसानं मला बरोबर हेच आकडे सांगितले, रुपयाचाही फरक नाही. पेपरात छापून आलेलाच भाव कोणी सांगत असेल तर संशय यायचा कशाला? त्या दरांवर कंपनीनं खुलासा केला होता की भारतासाठी संकेतस्थळ सुरूच झालेलं नाही, चाचणीचे आकडे चुकून दिसले. बातमी पहिल्या पानावर, खुलासा आतल्या पानाच्या कोपऱ्यात. चोरानं तो वाचला असणार. माझ्यापर्यंत तो आलाच नाही.

परवाना मिळणं आणि सेवा सुरू होणं यात बरंच अंतर असतं हेही लक्षात ठेवा. स्पेक्ट्रम, म्हणजे लहरी वापरायचा हक्क, मिळायचा असतो, सुरक्षा तपासण्या व्हायच्या असतात. मी पैसे दिले तेव्हा देशात एकाही घरी अधिकृत जोडणी नव्हती.

पैसे कसे गेले ते ऐका. बुकिंगचे ५,००० यूपीआयनं. मग डिशचे उरलेले २९,०००. मग ‘कॅम्पिंग माउंटिंग किट’ ४,८५०. त्यानंतर ‘पहिल्या महिन्याचा रोमिंग प्लॅन’ ८,६००. खोकं निघालं म्हणून सांगितलं आणि लगेच ‘केंद्र शासन वायरलेस क्लिअरन्स फी’ ७,२००. त्याची पावतीसुद्धा आली, अशोकस्तंभासकट! फिटिंगवाल्याला हातात १,५०० रोख. दर वेळी रक्कम अशी की आधीचे वाचवायचे असतील तर ही द्यावीच लागते. सरकारी फी कधीच कोणाच्या खासगी यूपीआयवर जात नाही, हे कोणाला ठाऊक नसतं? मलाही ठाऊक होतं. पण तोवर ४७,४५० अडकले होते.

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं तापतं.

फिटिंगवाला पोट्टा आला, बाइकवर मागं पाइप बांधून. आधी घराच्या गच्चीवर ‘डेमो’ दिला. स्पीड झकास. घराजवळ मोबाइलचा टॉवर आहे, तिथं स्पीड येणारच होता, पण तेव्हा ‘सॅटेलाइट आहे’ एवढंच डोक्यात. मग वावरात गेलो. वीस फुटी जीआय पाइप त्यानं काळ्या मातीत गाडला, वर यू-क्लॅम्पनं ‘डिश’ म्हणून आणलेला पांढरा पत्रा कसला, तीन बाजूंनी तारेचे ताण ओढून खुंट्या ठोकल्या. काम चोख, त्यात वाद नाही. आणि मग त्यानं पत्रा उभा केला. आडवा नाही, उभा. मोबाइलकडे बघत इंच-इंच फिरवत त्याचं तोंड आणून ठेवलं परतवाड्याकडे!

मी विचारलं, “काहो, वर आभायाकडे नाही का ठेवत?” तर म्हणतो कसा, “भाऊ, हे नवीन मॉडेल हाय, साइडनं पकडते.”

साइडनं पकडते! उपग्रह काय परतवाड्याच्या बसस्टँडवर उभा आहे? घरच्या टीव्हीची डिश मी स्वतः लावली आहे. तिचा उपग्रह विषुववृत्तावर ३६,००० किलोमीटरवर एका जागी असतो, म्हणून ती एका दिशेला कलती ठेवून विसरून जायची. स्टारलिंकचे उपग्रह त्या मानानं फार खाली, साधारण पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवर, आणि सतत पळत असतात. एक गेला की दुसरा पकडायचा असतो. म्हणून तिची सपाट पाटी तोंड वर करून ठेवावी लागते आणि डोक्यावरचं आकाश मोकळं लागतं. मधे सागाची फांदी आली तरी जोडणी तुटते. मोकळ्या वावरात ती खाली स्टँडवर ठेवली तरी चालते. वीस फूट उंची लागते ती टॉवर गाठायला. मी हे सगळं नंतर वाचलं, पण ‘आकाशाकडे का नाही’ हा प्रश्न तर तिथंच विचारला होता. म्हणजे मला दिसलं होतं. समोरच्यानं तोंडावर खोटं सांगितलं, त्याला मी काय करणार?

दुसरी खूण ॲडॉप्टरवर छापलेली होती : १२ व्होल्ट, १ अँपिअर. म्हणजे जास्तीत जास्त १२ वॅट. खरी मिनी २५ ते ४० वॅट खाते. बॅटरीवर चालवायची वस्तू घेताय तर वॅट आधी वाचा. माझी जुनी ट्रॅक्टरची बॅटरी दोन रात्री पुरली तेव्हा मी उलट खूश झालो होतो.

पहिल्या शनिवारी सात-आठ जण होते. संध्याकाळपर्यंत नेट बरं चाललं, मग एकदम मेलं. व्हॉट्सअॅपचा फोटोही जाईना. आणि रात्री बारा वाजता पुन्हा पळायला लागलं. रविवारीही तेच. त्यातल्या एका पोराच्या ध्यानात आलं. तो म्हणाला, “काका, रोजचा दोन जीबीवाला पॅक संपल्यावर असंच होते.” तिथल्या तिथं पाइप खाली घेतला, मागचे चार स्क्रू काढले. आत थर्माकोलमध्ये बसवलेला साधा फोरजी राउटर, कडेला दोन पट्टी अँटेना, आणि सिमकार्ड. स्टिकर खरवडलेलं, पण आयएमईआय, म्हणजे यंत्राच्या ओळख क्रमांकाचा आकडा, एका कोपऱ्यात शाबूत होता. इंग्रजीत KYM (केवायएम) लिहून, जागा सोडून पुढं तो नंबर टाकून १४४२२ वर एसएमएस करा, उपकरण नेमकं कोणतं ते कळतं. कोणाकडून जुना फोन घेतानाही हे करत जा. मला उत्तर आलं ते बाजारात दोन-अडीच हजाराला मिळणाऱ्या राउटरचं.

विकणाऱ्याला फोन केला तर आधी “सर्व्हर डाउन आहे,” नंतर “रिपेअरला पाठवा,” मग नंबरच बंद.

आता आमच्या यंत्रणेचं ऐका. चोराचा राग एकपट, यांचा दहापट.

हद्दीच्या ठाण्यात गेलो. सिमकार्ड, राउटर, पावत्या, सगळं टेबलावर ठेवलं. साहेबांनी सिमकार्डाला हातही लावला नाही. “पैसे ऑनलाइन गेले ना? जिल्ह्याला जा, सायबरला.” जिल्ह्याला गेलो. तिथं म्हणे, “तुम्हाला वस्तू मिळाली आहे, मग ही सायबर फसवणूक कशी? ग्राहकाची तक्रार आहे.” परत ठाण्यात. आता दुसरे साहेब. त्यांनी तर कहरच केला : “सॅटेलाइटचं यंत्र विनापरवाना ठेवणं गुन्हा आहे, माहीत आहे का? तुमच्यावरच लागेल.” अहो साहेब, सॅटेलाइटचं यंत्र असतं तर मी इथं आलो असतो का? ते नाही, हीच तर तक्रार! तिथल्या हवालदाराला हसू आलं, पण कागद कोणी घेतला नाही. ते सिम कोणाच्या नावावर आहे एवढं कंपनीला विचारलं असतं तरी एक माणूस हाती लागला असता. बँकेत गेलो तर, “पिन तुम्हीच टाकला, आम्ही काय करणार?” हे ऐकायला रांगेत दुपार गेली. गडचिरोलीत आकाशातून इंटरनेट आणायच्या घोषणा करतात, आणि हातात ठेवलेल्या सिमचा मालक शोधायला यांना वेळ नाही.

तुम्ही माझ्यासारखे हेलपाटे घालू नका. पैसे गेल्याचं कळताक्षणी, ठाण्यात जायच्याही आधी, १९३० ला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यातून उडायच्या आत गोठवता आली तरच हाती लागते. मी फोन केला तोवर खातं रिकामं होतं, पण तक्रार क्रमांक मिळाला आणि पुढे तोच कामी आला. ‘आमची हद्द नाही’ म्हणाले तर शून्य क्रमांकानं (झिरो एफआयआर), म्हणजे हद्द कोणाचीही असो, गुन्हा नोंदवायला सांगा. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे. तरी नकार दिला तर त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमाखाली पोलीस अधीक्षकांना पोस्टानं अर्ज पाठवा. मी तसा पाठवला तेव्हा कुठं ठाण्यातून बोलावणं आलं. ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दावा टाकता येतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील म्हणतो, विक्रेत्याचा खरा पत्ता हवा. खोक्यावरचा नागपूरचा पत्ता माझ्या साडूनं जाऊन पाहिला, तिथं ब्यूटी पार्लर आहे.

परदेशातून आणलेली खरी डिश कोणी दाखवली तरी घेऊ नका. परवानगीशिवाय असं यंत्र बाळगणं खरंच अंगाशी येतं. तिथं तो साहेब चूक नव्हता, फक्त माणूस चुकीचा निवडला.

आणि वस्तू त्याला परत पाठवू नका. ‘रिफंड लगेच करतो, आधी पीस पाठवा’ असा निरोप आता नव्या नंबरवरून येतोय, कुरिअरवालाही दोनदा दारात येऊन गेला. पत्रा, राउटर, सिम, सगळं पोत्यात बांधून घरात ठेवलं आहे. पंचनामा होईपर्यंत ते हलणार नाही.